गाढवाने आवळलेला बोल्ट

चहा घ्या आधी. आणि हसणार नाही असं कबूल करा. नाही जमणार? बरं, हसा. पण शेवटी हसा, मध्येच नको, कारण मध्ये मला अजूनही राग येतो. आणि तो राग नक्की कोणावर काढायचा होता, हे कळायला मला दोन दिवस, एक लोखंडी पाइप आणि तीन लिटर काळंकुट्ट तेल खर्च करावं लागलं.

मी आदित्य. घरात आदू. आजोबा साताऱ्याहून नोकरीसाठी कोलकात्यात आले आणि परत जायचं राहूनच गेलं, त्यामुळे मी बेहालाच्या गल्लीत वाढलो. मराठी घरापुरतं बोलतो, भांडतो बंगालीत. मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पाच सेमिस्टर केली आणि फेब्रुवारीत सोडून दिलं. का म्हणून विचारू नका, सगळे विचारतात. पाच सेमिस्टर मी इंजिन फळ्यावर बघितलं! खरं इंजिन लॅबमध्ये होतं, कपाटात, कुलूप लावून. किल्ली एका सरांकडे आणि सर कायम रजेवर. आता तुम्हीच सांगा, पोहायला शिकायला गेलात आणि पाच सेमिस्टर नुसतं पाण्याचं चित्र दाखवलं, तर काय कराल?

बाबांना हे पटलं नाही. बाबा बालीगंजच्या एका शाळेत गणित शिकवतात. मी कॉलेज सोडतोय म्हटल्यावर ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "बरं."

त्यानंतर सात महिने आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

एका घरात, एका टेबलावर जेवून! सगळं आईमार्फत. "त्याला सांग, गच्चीचा दिवा चालू राहिलाय." "त्यांना सांग, मी नाही लावला." तिघंही एकाच खोलीत, बरं का. आई मधे बसून भाजी निवडतेय आणि वैतागतेय, "अरे, मी काय भिंत आहे का, इकडचा चेंडू तिकडे टोलवायला?"

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना माझ्या ताईला मुलगी झाली.

ताई न्यू टाउनला राहते. रविवारी बारसं ठरलं. आता आमच्या घरात बारशाला पाळणा लागतो तो एकच, सागवानी, आजोबांनी करवून घेतलेला. त्यात बाबा निजले, ताई निजली, मी निजलो. पाळणा सुटा होतो, चार बोल्ट काढले की झालं. पण वरचा आडवा दांडा एवढा लांब की टॅक्सीत मावत नाही. तो जाणार आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या टपावर, दोरीने बांधून. ताईच्या सासरकडची सगळी माणसं येणार, अकराचा मुहूर्त. म्हणजे रविवारी सकाळी गाडी चालणं भाग होतं. एवढंच. बाकी गाडीने काहीही करायचं नव्हतं.

आणि गाडी चालतच होती! ही गोष्ट लक्षात ठेवा. गाडीला काहीही झालेलं नव्हतं.

मी बुधवारी सहज बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली आणि बघितलं तर तेल डांबरासारखं. "आई, त्यांना सांग, असलं तेल घेऊन न्यू टाउनपर्यंत गेलो तर इंजिन उड्डाणपुलावरच बसेल!"

बाबा पेपरमागून म्हणाले, "त्याला सांग, अजून हजार किलोमीटर चालतं. नित्यदा पूजेनंतर बदलून देतो म्हणालाय."

नित्यदा म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. आमच्या गाडीला गेली वीस वर्षं दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. आणि पूजा म्हणजे विश्वकर्मापूजा, ती शुक्रवारी. इथे त्या दिवशी एकही मेकॅनिक पाना उचलत नाही. सगळी हत्यारं धुऊन-पुसून, शेंदूर लावून देवापुढे मांडलेली, गॅरेजात गाणी, आभाळात पतंग. दुसऱ्या दिवशीही कोणाचा फारसा पाय जमिनीवर नसतो.

पूजेनंतर म्हणजे सोमवारी. बारसं रविवारी. मी मनात म्हटलं, आदित्यराव, हीच वेळ आहे. तेल बदलणं म्हणजे काय मोठं? इंजिनाच्या बुडाशी तेलाचं भांडं असतं, त्याला गॅरेजवाले चेंबर म्हणतात. चेंबरच्या तळाला एक बोल्ट. बोल्ट काढा, जुनं तेल खाली येतं. बोल्ट लावा, वरून नवं ओता. अर्ध्या तासाचं काम. मग बघू दे त्यांना, पदवी न घेता इंजिन कळतं का नाही ते!

शुक्रवारी सकाळी गाडीचं तोंड जॅकवर उचललं, खाली विटा रचल्या आणि पाना घेऊन सरपटत आत शिरलो. आई दारातूनच ओरडली, "आदू, आज हत्याराला हात लावू नये रे!"

"आपली हत्यारांची पूजा खंडेनवमीला असते आई! आज आपल्याला लागू नाही!"

काय बिनतोड मुद्दा होता! विश्वकर्म्याने बहुतेक तिथेच माझं नाव लिहून घेतलं.

बोल्ट सापडला. पाना बसवला. ओढला. नाही. परत ओढला. नाही! पाना सटकून हनुवटीवर आला. बोल्टाभोवती काहीतरी करडं, दगडासारखं साचलेलं होतं. मी म्हटलं, वर्षानुवर्षांचा चिखल, दुसरं काय. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला. आणि परत ओढला. बोल्ट ढिम्म.

गाडीखालूनच मी बोंबललो, "कोणत्या गाढवाने आवळलाय हा बोल्ट?"

आई आत जाऊन आली. मग आईचा आवाज, "आदू, हे म्हणताहेत की त्या बोल्टाला हात लावू नकोस."

"का?"

आत गेली. आली. "का ते नाही सांगत."

बघा! ही आपली मोठी माणसं. करू नकोस. का? नको म्हटलं ना! आयुष्यभर हेच. विज्ञान घे. का? घे. कॉलेज सोडू नकोस. का? लोक काय म्हणतील. वर्गात गणित शिकवताना प्रत्येक पायरीला कारण लिहायला लावणारा माणूस, आणि घरात एका पायरीला कारण नाही!

"त्यांना सांग, कारण असेल तर बोला, नाहीतर राहू द्या."

आई परत गेली. या वेळी जरा वेळ लागला. "म्हणताहेत, नित्यदा तेल वरून काढतो."

मी गाडीखाली पडल्या पडल्या एवढा हसलो की डोकं सायलेन्सरवर आपटलं. "वरून घालतात गं आई! काढतात खालून! पाणी नळातून वर चढतं का? त्यांना सांग, गणित वेगळं आणि इंजिन वेगळं. मी पाच सेमिस्टर केलीत!"

पाच सेमिस्टर. जी सोडली म्हणून सात महिने भांडत होतो, तीच पुढे केली! लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

आणि तरी मी आणखी एकदा ओरडलो, "पण गाढव कोण ते तरी सांगा!"

तेव्हा पेपरची घडी घातल्याचा आवाज आला आणि बाबा आतूनच, आईला पण जरा मोठ्याने म्हणाले, "त्याला सांग, मीच आवळला होता."

अहाहा! काय सांगू तुम्हाला! सात महिन्यांत मला एवढा आनंद झाला नव्हता. सापडले! बिनचूक गणिताचे सर, आणि बोल्ट आवळता येत नाही! मी ती बातमी दिवसभरात सगळ्या पाड्यात पोचवली. इथे गल्ली-मोहल्ल्याला पाडाच म्हणतात, आणि पाड्यात बातमी पोचवायला फार कष्ट पडत नाहीत. दुर्गापूजेचा मांडव घालणारे बांबूवाले समोरच होते, त्यांना सांगितलं. इस्त्रीवालीला सांगितलं. आणि शेजारच्या दत्तजेठूंना तर सांगावंच लागलं नाही, ते आपणहून खुर्ची घेऊन गाडीपाशी येऊन बसले.

जेठू म्हणजे मोठे काका. दत्तजेठू निवृत्त आहेत आणि हौसेने होमिओपॅथी करतात. गल्लीतल्या प्रत्येक माणसाला त्यांनी एकदा तरी गोळ्या दिल्या आहेत. वाकून त्यांनी बोल्ट बघितला.

"केव्हापासून आहे?"

"काय केव्हापासून?"

"हा त्रास. अडकण्याचा. सकाळी जास्त असतो का संध्याकाळी?"

"जेठू, बोल्ट आहे तो!"

"आरे बाबा, म्हणूनच सांगतो. जुना आजार आहे. जोर करू नकोस. मोहरीचं तेल सोड आणि रात्रभर विश्रांती दे."

कोलकात्यात सर्दीपासून सांधेदुखीपर्यंत सगळ्याला मोहरीचं तेल असतं, बोल्टाला का नसावं? मी सोडलं. त्याआधी रॉकेल सोडून झालं होतं. नंतर आईने लोणच्याच्या बरणीच्या झाकणाचा उपाय सुचवला, गरम पाण्याचा फडका. तोही केला. दुपारी मेणबत्ती धरली, मोहरीचं तेल पेटलं, माझी उजवी भुवई गेली. संध्याकाळपर्यंत त्या बोल्टाला एवढं तेल-पाणी झालं होतं की बाळंतिणीलाही होत नाही. हलला? नाव नको!

आणि एक गोष्ट घडत होती. तेव्हा मी तिच्यावर चिडलो होतो. मी दर वेळी गाडीखाली शिरलो की पावलं वाजायची. पांढऱ्या पायजम्यातले दोन पाय मागच्या चाकापाशी थांबायचे. खाली काहीतरी सरकवल्याचा आवाज. मग पाय परत जायचे. पहिल्यांदा वीट होती. मग लाकडाचा ओंडका. शनिवारी सकाळी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, माझा पाटा कुठे गेला? वाटण कशावर करू?" तो मागच्या चाकाखाली होता. जॅक सरकला तर गाडी पोराच्या छातीवर येऊ नये म्हणून. बोलणं नाही, पण पाटा होता.

मी काय म्हणालो? "आई, त्यांना सांग, माझ्या कामात लुडबूड नको."

शनिवारी दुपारी माझं डोकं गेलं. एकाच रट्ट्यात काय ते करायचं ठरवलं. मांडववाल्यांकडून दिव्याच्या खांबाचा चांगला माणसाएवढा लोखंडी पाइप मागून आणला आणि पान्याच्या दांड्यावर चढवला. तरफ! दांडा जितका लांब, तितकी ताकद जास्त. पहिल्या वर्षाचा धडा. पुढच्या धड्यात काय तुटतं तेही असणार, पण तेवढं मी शिकलो नव्हतो.

बांबूवाले काम टाकून बघायला उभे राहिले. जेठू म्हणाले, "जोर नको, बाबा, जोर नको." व्हरांड्यात बाबा खाली बसून पाळण्याला पॉलिश करत होते. सागाचा वास येत होता. मी गाडीखाली उताणा, दोन्ही पाय बंपरच्या कडेला टेकवले, डोळे मिटले, आणि कॉलेज, लॅबचं कपाट, रजेवरचे सर, "बरं" म्हणून चष्मा पुसणारे बाबा, सगळे त्या पाइपवर बसवून खेचला.

कट्ट!

"फिरला!" मी ओरडलो. "फिरला, फिरला! बघा, म्हटलं होतं ना!"

बांबूवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, शपथ!

फिरला खरा. पण एकटा फिरला नाही. त्याच्याभोवतीचा चेंबरचा, चांगला पुरीएवढा तुकडा घेऊन फिरला. आणि त्या भोकातून तीन लिटर तेल, डांबरासारखं, थेट माझ्या उघड्या तोंडावर! "म्हटलं होतं ना" म्हणायला उघडलं होतं ते.

पुढे मला दिसलं काही नाही. फक्त दोन हातांनी माझे घोटे धरले आणि मला असं खसकन बाहेर ओढलं की पाठ सोलून निघाली. कोणीतरी सदऱ्याच्या टोकाने माझे डोळे पुसत होतं. पांढरा सदरा. पॉलिशचा वास.

"डोळ्यात गेलं का?" बाबा म्हणाले. "आदू, डोळ्यात गेलं का?"

सात महिन्यांनंतरचे पहिले शब्द. आईमार्फत नाही. थेट.

आणि मी काय उत्तर दिलं असेल? सांगायला जीभ रेटत नाही, पण आज सांगायचंच आहे. एवढ्या लोकांसमोर, तोंडातलं तेल थुंकत मी म्हणालो, "तुमच्यामुळे झालं हे! गाढवासारखा आवळलात तुम्ही, म्हणून!"

बांबूवाल्यांच्या टाळ्या थांबल्या. मराठी कळत नाही त्यांना, पण सूर कळतो.

बाबा म्हणाले, "हो. डोळे चोळू नकोस."

संध्याकाळी नित्यदा आला. नवा शर्ट, कपाळाला शेंदूर, हातात आमच्यासाठी पूजेच्या खिचडीचा डबा, आणि चेहऱ्यावर दोन दिवसांच्या सणाची लाली. गाडी बघितली. खाली वाकला. बोल्ट हातात घेतला, त्याला चिकटलेला चेंबरचा तुकडा बघितला आणि दोन्ही हात डोक्यावर.

"की सर्वनाश! हा उघडला कोणी? अरे, हा बोल्ट उघडायचाच नाही! मीच तो लुकण भरून कायमचा बंद केलाय!"

"बंद केलाय?"

"मग! आटे मेले होते आतले. नवा चेंबर टाकण्यापेक्षा बुजवून टाकला. तेल मी वरून ओढतो ना, पट्टीच्या भोकातून नळी घालून, पंपाने. आठ वर्षं झाली. मास्टरमोशाई, तुम्ही सांगितलं नाही याला?"

मास्टरमोशाई, म्हणजे बाबा, पॉलिशचा डबा बंद करायला लागले. आईने माझ्याकडे बघितलं. तो चेंडू टोलवायला तीच दोनदा गेली होती.

वरून. खरंच वरून! करडा चिखल नव्हता, वाळून दगड झालेलं लुकण होतं.  अशा वेळी माणसाने गप्प बसावं. मी बसलो का?

"पण मुळात आटे मारलेच कशाला?" मी म्हणालो. "बाबांना आवळता येत नाही, तर तुझ्याकडेच आणायची ना गाडी!"

नित्यदा हसायला लागला. आधी हळू, मग पोट धरून. बाबा घाईघाईने म्हणाले, "नित्य, राहू दे," आणि मान हलवली. पण सणाची लाली चढलेल्या माणसाला थांबवणार कोण?

"मास्टरमोशाईंनी? अरे, मास्टरमोशाईंनी कधी पाना धरलाय? तू आवळलास तो! क्लास एटमध्ये होतास. हाफपँट. मी तेल बदलायला इथे आलो होतो, तू हट्ट धरलास की बोल्ट मी लावणार. मी म्हटलं, हळू. तू गाडीखाली उताणा, दोन्ही पाय बंपरला टेकवून..."

दोन्ही पाय बंपरला टेकवून.

आठवलं मला. अख्खं आठवलं. पान्याच्या शेवटच्या झटक्याला बोल्ट एकदम सैल लागला होता आणि मला वाटलं होतं, आता बसला! बाहेर आल्यावर बाबांनी पाठ थोपटली होती. "शाब्बास. पक्का बसला." मी तसाच काळ्या हातांनी आत धावलो होतो आणि आईला सांगितलं होतं की मी इंजिनिअर होणार.

"तू आत गेलास," नित्यदा डोळे पुसत म्हणाला, "आणि तेल टपटप गळायला लागलं. मी तुला हाक मारणार होतो, तर यांनी माझं तोंड धरलं. म्हणाले, पोराला कळू देऊ नकोस. एकदा हात कचरला की परत पाना धरायचा नाही."

 अजून खुर्ची न सोडलेल्या दत्तजेठूंनी एक सुस्कारा टाकला. "मी म्हटलं नव्हतं? जुना आजार आहे."

दोन दिवस! दोन दिवस मी अख्ख्या पाड्यात त्या गाढवाची दवंडी पिटत फिरत होतो. इस्त्रीवालीपर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं. आणि ते गाढव ओळखणारा एकच माणूस घरात होता, आणि त्याने ते स्वतःच्या नावावर घेतलं होतं.

रविवारी सकाळी आठ वाजता भाजी वाहणारा एक टेम्पो मिळाला. आई पुढे ड्रायव्हरशेजारी, मांडीवर घुगऱ्यांचं पातेलं आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. मागे उघड्यावर पाळणा, आणि पाळण्याच्या एका बाजूला बाबा, एका बाजूला मी. आता निरोप न्यायला मधे कोणी नाही. बाबा परीटघडीच्या कपड्यात, पायाखाली कोबीची पानं. पासष्ट पोरांचा वर्ग एका नजरेने गप्प करणारा माणूस, टेम्पोच्या मागे कोबीच्या पानांत, माझ्यामुळे.

निम्मा रस्ता झाला. उड्डाणपुलावर वारा लागला तेव्हा बाबा म्हणाले, "तेल वरूनही काढतात, हे तुमच्या पुस्तकात नव्हतं?"

"नव्हतं."

बाबांनी जरा विचार केला. "मग सोडलंस ते बरंच केलंस."

मी बघितलं तर ते दुसरीकडे बघत होते, पण गाल हलत होता. मी सॉरी म्हणणार होतो. अगदी ओठांवर आलं होतं. पण समोरून बस आली, हॉर्न वाजला, दांडा घसरला, तो धरला, आणि मग न्यू टाउन आलंच. ते राहिलं. अजून राहिलंय. तुमच्यासमोर एवढं घडाघडा बोलतोय, पण तो एक शब्द त्या माणसाला अजून म्हणता आलेला नाही.

ताईच्या हॉलमध्ये पाळणा जोडायला घेतला. ताईचे दीर पुढे आले, तर बाबांनी पाना त्यांच्या हातावरून नेऊन माझ्या हातात दिला. सगळ्यांदेखत. आणि हळूच म्हणाले, "आधी हाताने बसव. मग पान्याने पाव फेरा. आणि थांब."

मी तसंच केलं. पहिला, पाव फेरा, थांबलो. दुसरा. तिसरा. चौथ्याला ताई बाळाला घेऊन समोर येऊन उभी राहिली. एवढंसं तोंड, मूठ वळलेली. माझ्या मनात आलं, हे यात निजणार. आणि पाव फेऱ्यानंतर मी आणखी थोडा... म्हणजे अगदी थोडा...

बारसं झकास झालं. बाळाचं नाव ईरा. घुगऱ्या संपल्या. पाहुणे गेले. मग ताई म्हणाली, पाळणा आतल्या खोलीत नेऊ. दारातून जाईना. म्हणजे बोल्ट काढायला हवेत. ताईचे दीर पाना घेऊन बसले. पहिला निघाला. दुसरा निघाला. तिसरा निघाला.

चौथ्याशी त्यांनी पाच मिनिटं झटापट केली. घाम आला. शेवटी ताई वैतागून म्हणाली, "अहो, कोणत्या गाढवाने आवळलाय हा?"

 आईने पदर तोंडाला लावला. मी पायाकडे बघत होतो. आणि बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "मीच."

"नाही, बाबा," मी म्हणालो. "या वेळी राहू द्या. ते गाढव मी आहे, ताई. ते आणि मागचंही."

बाकीचे तीन बोल्ट आम्ही परत लावले. ईरा आता दोन महिन्यांची झाली. पाळणा ताईच्या हॉलच्या अगदी मधोमध उभा आहे आणि घरातले सगळे त्याला वळसा घालून जातात. चौथा बोल्ट निघत नाही. सगळे मला विचारतात, तू इंजिनाचा एवढा शहाणा, तूच का नाही काढत?

मी हात लावलेला नाही. बाबांनी नको म्हटलंय. का, ते मी विचारलं नाही.